डिस्टिल्ड वॉटर पिणारं भूत

१

"लिथियमची मान कधी खाली जात नाही," थोरला म्हणाला, आणि पाहुण्यांनी आपल्या माना डोलावल्या. "शिशाची बॅटरी म्हणजे म्हातारा माणूस. निम्मा जिना चढला की धाप. लिथियमचं तसं नाही. शेवटच्या क्षणापर्यंत तेवढाच उजेड. संपायची तेव्हा एका फटक्यात संपेल, पण मिणमिणणार नाही. आज वीज गेली की डोळ्यांनी बघा."

वीज रोज दिवेलागणीला जायची. त्या दिवशीही वेळ पाळून गेली, आणि वरच्या मजल्यावरचे दिवे बॅटरीवर लागले. थोरल्याने हात पसरून सगळ्यांकडे असं पाहिलं, जणू उजेड त्याच्या खिशातूनच निघाला होता. नवी एजन्सी घ्यायला आलेला गृहस्थ कागदाची सुरळी सोडवायला लागला.

मग दिवा पिवळा पडला. थोड्या वेळाने केशरी. पंख्याने एक लांब उसासा टाकला, आजारी माणूस कूस बदलताना टाकतो तसा, आणि त्याची पाती एक एक करून मोजता यायला लागली. भिंतीत कुठेतरी काठी आपटल्यासारखं वाजलं. टक. अंधार.

मग परत टक. दिवा आपणहून लागला, अगदी मंद, आणि त्यात सगळ्यांचे चेहरे मेणाचे दिसायला लागले. परत टक, परत अंधार. आणि त्या अंधारात सडक्या अंड्याचा वास हळूहळू खोलीभर पसरला.

दिव्याखाली खुर्ची टाकून बसलेल्या आई फक्त एवढंच म्हणाल्या, "आलात?"

एजन्सीवाला जिना उतरला तो दुसऱ्याच्या चपला घालून. स्वतःच्या न्यायलाही परत आला नाही आणि सही करायलाही.

२

अण्णा जाऊन वर्ष झालं होतं. अण्णा म्हणजे या घरातले कर्ते पुरुष. खाली रस्त्याला लागून बॅटरीचं दुकान, मागे कारखाना म्हणता येईल असं एक छप्पर, वर दोन मजली घर. जन्मभर त्यांनी शिशाच्या बॅटऱ्या बांधल्या. प्लेटा स्वतः ओतायचे, ॲसिड स्वतः भरायचे, आणि जेवताना मीठ कमी पडलं तरी बॅटरीचं पाणी कमी पडू द्यायचे नाहीत. इन्व्हर्टर त्यांना मधला दलाल वाटायचा. म्हणून त्यांनी घरभर बारा व्होल्टची वेगळी लाइन टाकून दिवे आणि पंखे थेट बॅटरीला जोडले होते. शेवटच्या दिवसांत पायांनी दगा दिला, तर काठी टेकत टेकत प्रत्येक खोलीत जाऊन दिवे बंद करायचे. बॅटरी पार रिकामी होऊ देणं हे त्यांच्या लेखी माणूस उपाशी ठेवण्यासारखं होतं.

ते गेले आणि दोन मुलांचं वाजलं. थोरला शिकून आला होता, त्याला दुकानात सगळं लिथियम हवं होतं. हलकं, देखणं, पाणी नको, वास नको. धाकटा अण्णांच्या हाताखाली वाढलेला. शिसं जड असतं म्हणूनच त्याच्यावर विश्वास ठेवता येतो, असं त्याचं म्हणणं. हळूहळू बोलणं बंद झालं, मग स्वयंपाकघरं वेगळी झाली, मग वाटणीची भाषा आली.

तेव्हा आईंनी निवाडा सांगितला. वरच्या मजल्यावर थोरल्याची लिथियम लावायची, खालच्या मजल्यावर अण्णांनी हाताने बांधलेली शेवटची बॅटरी. दोन सारखी लोखंडी कपाटं, दोन सारखे दिवे. रोज वीज जाईल तेव्हा ज्याचा दिवा जास्त वेळ जळेल, त्याच्या डब्यात आई एक गोटी टाकणार. उन्हाळा संपेपर्यंत ज्याच्या गोट्या जास्त, दुकान त्याचं. जो हरेल त्याने बायकोला घेऊन घर सोडायचं. दोन्ही कपाटांना कुलपं लागली, कुलपांवर लाखेचा गोळा बसला, आणि लाखेवर आईंच्या अंगठ्याचा ठसा.

निम्मा उन्हाळा लिथियमने एकहाती मारला. थोरला रस्त्याने चालतानाही जिंकल्यासारखा चालायला लागला. मग एकाएकी वारं फिरलं. वरचा दिवा उसासे टाकायला लागला, भिंतीत काठी वाजायला लागली आणि खालचा दिवा मात्र लखलखीत. धाकट्याच्या डब्यातल्या गोट्या थोरल्याच्या बरोबरीला आल्या, मग पुढे गेल्या. आता उन्हाळ्याचे थोडेच दिवस उरले होते आणि थोरल्याचं बिऱ्हाड हलणार हे जवळजवळ ठरलं होतं.

बॅटरीत काही बिघाड असेल, असं थोरल्याला कुणीतरी सुचवलं. त्याने ते धुडकावून लावलं. कंपनीच्या माहितीपत्रकात लिथियम मिणमिणत नाही असं छापलं होतं. म्हणजे जे मिणमिणत होतं ते लिथियम नव्हतं, ते अण्णांचं भूत होतं. शिकलेल्या माणसाला दुसरा निष्कर्ष उरलाच नव्हता.

३

त्याने सर्व्हेअरबाईंना बोलावलं. बाई विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासून निवृत्त झालेल्या. जळालेल्या गोदामात उभं राहून, मालकाने आग लावायच्या आधी काय काय बाहेर काढलं होतं ते सांगणं हा त्यांचा हातखंडा. भुताचं काम त्यांना नवीन होतं, पण त्या म्हणाल्या, दावा कुणीही करो, नुकसान कुणाचं आणि फायदा कुणाचा एवढंच बघायचं असतं.

अडचण एकच होती. बाईंना जबरदस्त सर्दी झाली होती. ज्या घरात निम्मा पुरावा वासाचा, तिथे त्या चोंदलेलं नाक घेऊनच आल्या होत्या.

म्हणून त्यांनी वास विचारून घेतला. थोरल्याच्या मते तो अण्णांचा ढेकर होता, शेवटच्या आजारपणात यायचा तसाच. थोरलीने, म्हणजे त्याच्या बायकोने, तोंड फिरवून सांगितलं की खालच्या स्वयंपाकघरात काय शिजतं ते खालच्यांना विचारा. धाकटा खाली कारखान्यात टर्मिनल घासत बसला होता. त्याने वर पाऊल ठेवायचं नाही अशी शपथ घेतली होती, त्यामुळे भूत त्याला ऐकूनच माहीत होतं.

"सडक्या अंड्याचा वास ना? शिशाची बॅटरी जास्त उकळली की येतो," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय, वर तर लिथियम आहे. म्हणजे अण्णाच."

बाई शिंकल्या. धाकटा आनंदात होता. त्याची बॅटरी आजवर कधी वागली नव्हती तशी वागत होती. दिवा शेवटपर्यंत एकसारखा, आणि संपला की खटकन. आयुष्यभर शिशात हात घातला पण असली बॅटरी पाहिली नाही, हा अण्णांचा आशीर्वाद, असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होता. दोन भाऊ, एक वर भुताने हैराण, दुसरा खाली चमत्काराने खूश, आणि दोघांनाही कपाट उघडून बघावं असं वाटत नव्हतं. लाखेवर आईंचा अंगठा होता, आणि दुसऱ्याने ठसा मोडला असा आळ यायची भीती दोघांना सारखीच होती.

एवढ्यात दारात भंगारवाला उभा राहिला. जुन्या शिशाला भाव चांगला होता आणि अण्णांच्या शेवटच्या बॅटरीत शिसं भरपूर होतं. तो रोज फेरी मारायचा. "गेली का?" त्याने हळूच विचारलं. धाकट्याने मान हलवली. "अजून नाही? चिवट आहे," भंगारवाला म्हणाला आणि सायकलला टांग मारून गेला. वर गॅलरीत उभ्या असलेल्या आईंना हे रोज ऐकू यायचं. त्यांनी बाईंना सांगितलं, शेजारीपाजारी माझ्या तब्येतीची फार चौकशी करतात.

संशयितांच्या यादीत भंगारवाला बसत नव्हता. त्याला बॅटरी मेलेली हवी होती, जिंकलेली नाही.

४

आईंना बाईंनी शेवटी गाठलं. त्या दिव्याखालच्या खुर्चीत होत्या, एका डोळ्याला हिरवा चष्मा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं.

त्या दिवशी दवाखान्यात कोण कोण होतं, हे बाईंनी सहज विचारलं. दोन्ही मुलं, आई म्हणाल्या. एकाने यायचं ठरवलं म्हणून दुसराही आला. दोघं माझ्या दोन बाजूंना दिवसभर बसून होते आणि एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. डॉक्टरांना वाटलं, त्यातला एक कुणीतरी परका आहे.

"आणि सुना?"

"घरी. दोघीच."

"आणि वरचा दिवा मिणमिणायला कधी लागला?"

आईंनी हिरवा चष्मा नीट केला. मग म्हणाल्या, डोळ्याची पट्टी निघाली तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, पण ऐकू त्याच्या आधीपासून येत होतं. पट्टीखालच्या अंधारात. पंखा श्वास सोडायचा, मग काठी, मग काहीच नाही. आणि थोडा विसावा घेतला की परत यायचे.

"कोण?" बाईंनी विचारलं.

"त्यांना जायची सवयच नव्हती नीट," आई म्हणाल्या. "रागावून बाहेर पडायचे आणि कोपऱ्यावरून परत यायचे. म्हणायचे, किल्ली विसरलो."

बाईंना थंडी वाजल्यासारखं झालं. सर्दीच असावी, असं त्यांनी ठरवलं.

तेवढ्यात वीज गेली. दिवा लागला, पिवळा पडला, उतरत गेला. आईंनी पदर सारखा केला आणि वर बघून अगदी रोजच्या आवाजात सांगितलं की आज थोरल्याने औषध आणलं नाही, धाकट्याचा खोकला कमी आहे, आणि दुकानाची पाटी परत रंगवायला हवी. बंद दाराच्या पलीकडे कुणीतरी श्वास रोखून उभं होतं. बाईंना दाराखालच्या फटीत पावलांच्या दोन जोड्या दिसल्या. दिवा जायला आला तेव्हा आई म्हणाल्या, "जा आता. दमला असाल."

टक.

बाई अंधारात चाचपडत उठल्या, जिन्यावरून खाली धावल्या आणि धाकट्याच्या खोलीत जाऊन त्याच्या दिव्यासमोर घड्याळ न बघता नुसत्या बसून राहिल्या. दिवा जळत होता. ना पिवळा, ना केशरी. बराच वेळ गेला, धाकटा जेवला, हात धुतले, आणि हात पुसता पुसता दिवा गेला. कुणी गळा दाबावा तसा एका फटक्यात. परत लागलाच नाही.

बाई अंधारात हसल्या. थोरल्याने चहा पिता पिता बाईंनाही मान खाली न जाण्याची बढाई ऐकवली होती, ती बढाई अक्षरशः खरी होती. फक्त चुकीच्या मजल्यावर.

५

सकाळी बाईंनी दोन्ही कपाटं बाहेरून पाहिली. एक वरच्या गॅलरीत, एक खाली जिन्याखाली. कुलपं जागच्या जागी, लाखेवरचा अंगठा रेघेलाही मोडलेला नाही. थोरला मागे उभा राहून म्हणाला, बघा, माणसाचं काम नाही.

बाईंनी कुलपाकडे पाठ केली आणि दाराची दुसरी बाजू पाहिली. कपाटं जुनी, अंगभर गंज. पण बिजागऱ्यांमधल्या सळया मात्र लख्ख, आणि त्यांना खोबरेल तेल लावलेलं. माणसं कुलपाला फार मान देतात, बाई मनात म्हणाल्या. दाराला दोन बाजू असतात हे चोरालाच आठवतं.

मग त्या कारखान्यात शिरल्या. फळीवर डिस्टिल्ड वॉटरचे कॅन मांडलेले होते. धाकटा कुरकुरला की हल्ली कॅन लवकर रिकामा होतो. गिऱ्हाइकं कमी आणि पाणी जास्त जातंय. अण्णांना तहान लागत असेल, असा त्याचा अंदाज. तो एवढ्या गंभीरपणे म्हणाला की बाईंना हसता आलं नाही. वरचं भूत डिस्टिल्ड वॉटर पित होतं. साधं पाणी त्याला चालत नव्हतं.

परसात कपडे वाळत होते. बाई दोरीखालून वाकून जाताना थांबल्या. थोरलीच्या एका गाऊनला पोटापाशी बारीक बारीक भोकं पडली होती, चाळणीसारखी. वाळवी, थोरली म्हणाली. झुरळं, ती परत म्हणाली. आधी धड होता, धुतल्यावर एकदम अशी भोकं पडली, असंही तिने वैतागून सांगून टाकलं आणि मग जीभ चावली.

बाईंनी गोदामं जळलेली पाहिली होती तशी ॲसिड सांडलेलीही पाहिली होती. ॲसिडचा थेंब कापडावर पडला तर लगेच काही दिसत नाही. पहिल्या धुण्यात कापड विरतं. आणि थोरली तर लिथियमवाल्याची बायको. तिच्या मजल्यावर ॲसिडचा थेंबही असायचं कारण नव्हतं.

पण एक गाठ सुटत नव्हती. लिथियम बगलेत मारून नेता येते. अण्णांची बॅटरी नाही. तिचं वजन एका दांडगट माणसाएवढं, आणि जिना लाकडी, उभा, कुरकुरणारा. ती वर चढवायला दोन माणसं लागणारच, तीही एका तालात पावलं टाकणारी. घरात अशी दोन माणसं कोण? दोघं भाऊ बोलत नव्हते. आई थकलेल्या. राहिल्या दोघी जावा, आणि त्यांचं वैर तर आख्ख्या गल्लीला पाठ होतं. त्या एकमेकींशी फक्त भांडायला तोंड उघडत.

आणि नेमकं तेव्हाच परसात भांडण पेटलं.

६

धाकटी थोरलीला सांगत होती की वरच्यांनी खालच्यांच्या दोरीवर कपडे घालू नयेत. थोरली म्हणत होती की दोरी सासऱ्यांनी बांधली, तुझ्या बापाने नाही. आवाज वरपर्यंत जात होता. थोरल्याने खिडकी लावून घेतली, धाकट्याने रेडिओ मोठा केला. भांडण नेहमीप्रमाणे चांगलं चाललं होतं.

बाई कोपऱ्याआड उभ्या राहून बघत होत्या. ऐकत नव्हत्या, बघत होत्या. दोघी जावा भांडता भांडता एक मोठी ओली चादर पिळत होत्या. एक टोक एकीकडे, दुसरं दुसरीकडे. एकीने उजवीकडे पीळ दिला की दुसरीने डावीकडे. एक पाऊल मागे गेलं की दुसरं पुढे. "तुमच्या माहेरची माणसं मला माहीत आहेत," धाकटी ओरडली आणि त्याच सुरात खालच्या आवाजात म्हणाली, "ताई, कंबर सांभाळा." चादर पिळून झाली, दोघींनी ती एका झटक्यात झटकली, चार पदरांत घडी घातली, आणि शिव्यांचा एकही शब्द मागेपुढे झाला नाही.

ज्यांना चादर अशी पिळता येते त्यांना बॅटरीही चढवता येते.

बाई पुढे झाल्या आणि चादरीचं टोक हातात घेऊन म्हणाल्या, "किती वर्षं झाली मैत्रीला?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. भांडण तिथेच, निम्म्या वाक्यात, आपोआप बंद पडलं.

मग सगळं निघालं, हळू आवाजात, वाळत्या कपड्यांच्या आडोशाला. धाकटी लग्न होऊन आली तेव्हापासून दोघींचं गूळपीठ. पण नवऱ्यांचं फाटल्यावर उघड बोलणं शक्य नव्हतं. शिवाय भांडणाचा फायदा होता. थोरलीला काही हवं असलं की ती म्हणायची, खालचीने घेतलंय. धाकटी म्हणायची, वरचीकडे आहे. दोघींना सगळं मिळायचं. मग आईंचा निवाडा आला. जिंको कुणीही, एकीला घर सोडावं लागणार होतं.

म्हणून गोट्या बरोबरीत आणायच्या ठरल्या. निकालच लागू नये, म्हणजे कुणी हलायला नको. लिथियम पुढे होती. आई ऑपरेशनला गेल्या त्या दिवशी दोघींनी बिजागऱ्यांच्या सळया काढल्या, जिन्यावर पायरी पायरीला बसत अण्णांची बॅटरी वर नेली आणि लिथियम खाली आणली. त्यातच थोरलीच्या गाऊनवर ॲसिड उडालं. खायचा सोडा चोळून चोळून फरशी पुसली, गाऊन पुसायचा राहिला. बरोबरी झाली की बॅटऱ्या परत आपापल्या जागी.

"मग परत का नाही नेलीत?" बाईंनी विचारलं. "बरोबरी होऊन दिवस झाले. आता तर तुमचंच बिऱ्हाड बाहेर पडणार."

थोरलीने नुसतं वर बोट दाखवलं. धाकटीच म्हणाली, "आई बोलायला लागल्या."

अण्णा गेल्यापासून आई हो, नाही आणि निवाडा एवढंच बोलायच्या. रडल्याही नव्हत्या. बॅटरी वर गेली, दिवा मिणमिणायला लागला, आणि दाराआडून दोघींनी ऐकलं. त्या रोज संध्याकाळी अण्णांना दिवसभराचं सांगत होत्या. जेवायला लागल्या, झोपायला लागल्या. आता बॅटरी खाली कशी आणायची? थोरलीने ठरवून टाकलं होतं, घर सोडावं लागलं तर सोडू. पण वरचा चार्जर लिथियमचा. त्याने बॅटरी उकळत होती, पाणी आटत होतं, प्लेटा उघड्या पडत होत्या. म्हणून धाकटी दुपारी सगळे झोपले की सळया काढून पाणी घालायची. बॅटरीवाल्याच्या घरात नांदलेली बाई. चोरीचं दार उघडं राहिलं असतं तर तिला चाललं असतं, प्लेटा कोरड्या राहिलेल्या चालत नव्हत्या.

बाईंनी नाक पुसलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना गुन्हा सापडला होता आणि दावा नामंजूर करावासा वाटत नव्हता. पण संध्याकाळी थोरला सगळ्यांना वरच्या खोलीत बोलावून बसला होता, आणि त्याने बाईंना विचारलं, "बोला, भूत आहे की नाही?"

७

बाईंनी गॅलरीत जाऊन सळया ओढल्या. दार कुलपाच्या बाजूला लोंबकळलं. आत अण्णांची बॅटरी बसली होती, काळी, रुंद, लाल झाकणांची, झाकणांभोवती नुकतंच घातलेलं पाणी.

मग त्यांनी एक एक करून सांगितलं. शिशाची बॅटरी रिकामी होत जाते तसा दिवा उतरत जातो, लिथियम शेवटपर्यंत उतरत नाही. थकलेलं शिसं थोडा वेळ सोडलं की सावरतं, परत थोडा उजेड देतं, परत थकतं. काठीचा आवाज म्हणजे लाइनवरची एक छोटी डबी. बॅटरी फार उतरली की दिवे तोडते, सावरली की जोडते. अण्णांनीच बसवलेली. पण ते बॅटरी कधी तेवढी उतरू द्यायचेच नाहीत, त्यामुळे त्यांच्या हयातीत ती कुणी ऐकलीच नाही. आणि वास म्हणजे चुकीच्या चार्जरवर उकळणारं ॲसिड.

कोणी केलं, हेही सांगावं लागलं. दोघी जावा हातात हात धरून उभ्या होत्या, त्यामुळे फारसं सांगावं लागलं नाही.

धाकटा जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत आला होता, शपथ मोडून. मग थोरल्याच्या डोक्यात उजेड पडला. खाली जो लखलखाट होता तो त्याच्या लिथियमचा होता. म्हणजे सगळ्या गोट्या त्याच्या. धाकटा उसळला. चुकीच्या चार्जरवर, उकळत, चोरून पाणी पीत जी बॅटरी इतके दिवस तगली, ती अण्णांची. लिथियम असती तर कधीच रुसून बसली असती. जिंकला तो. दोघं वर्षभराने एकमेकांशी बोलत होते आणि एकमेकांचं काहीच ऐकत नव्हते.

बाईंचं लक्ष आईंकडे होतं. त्यांना वाटत होतं, आपण एका बाईच्या घरातून तिचा नवरा दुसऱ्यांदा बाहेर काढला.

आई उठल्या, कपाटापाशी गेल्या, आणि बॅटरीच्या झाकणावरून हात फिरवला.

"हे मला काय सांगता?" त्या म्हणाल्या. "या घरात जन्म गेला माझा. शिशाचा श्वास मला कळत नाही होय? पट्टी डोळ्यावर होती, कानावर नव्हती."

"आई, तुम्हाला माहीत होतं?" थोरली पुटपुटली.

"पहिल्या दिवसापासून. त्यांच्या हातची शेवटची वस्तू वर येऊन बसली, मी कशाला परत पाठवू? निकाल लावायचा असता तर तेव्हाच लावला असता. मला संध्याकाळ हवी होती."

मग त्यांनी दोन्ही डबे मागवले आणि गोट्या खिडकीतून परसात ओतून दिल्या. दुकान दोघांचं, घर दोघांचं. लिथियम ज्याला हवी त्याला ती, शिसं ज्याला हवं त्याला ते. गिऱ्हाईक काही घरात येऊन राहत नाही. कुणी कुठे जायचं नाही. आणि ही बॅटरी आत्ताच्या आत्ता खाली तिच्या चार्जरवर न्या, नाहीतर इथे उकळून मरेल. मी रोज संध्याकाळी खाली येऊन बसेन.

सुना पुढे झाल्या. आई म्हणाल्या, तुम्ही नाही. तुम्ही एकदा नेलीत. आता या दोघांना एकत्र उचलू दे.

दोघा भावांनी बॅटरीच्या दोन बाजू धरल्या. जिन्याच्या तोंडाशी उलटं कोण चालणार यावर थोडी चर्चा झाली. दोघंही नमले, आणि एकाच वेळी नमले. "दादा, तू सोड, मी धरतो," धाकटा म्हणाला. "नाही, तू सोड, मी धरतो," थोरला म्हणाला. दोघांनी सोडली.

बॅटरी पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत गेली आणि प्रत्येक पायरी सोबत घेऊन गेली. बॅटरीला तडाही गेला नाही. भाऊ दोघंही वरच राहिले, सर्व्हेअरबाईही. आई आणि सुनाही वरच. बॅटरी खाली. शेजारच्या सुताराला गॅलरीतून हाक मारली, तेव्हा त्याच्या घरून सांगितलं की तो बाहेरगावी गेलाय, शिडीही घेऊन गेलाय.